सरांचं पोतं

ताई, सप्रेम नमस्कार.

मी सांगलीचा. वय ४१, इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे. आमचे फुटबॉलचे सर फेब्रुवारीत गेले. ते कुठल्या शाळेचे शिक्षक नव्हते, बँकेत कारकून होते. पण तीस-बत्तीस वर्षं रोज संध्याकाळी नदीच्या अंगाच्या मैदानावर त्यांनी पोरांना फुटबॉल शिकवला. कुणाकडून रुपया घेतला नाही. मी दहा वर्षांचा असल्यापासून त्यांच्याकडे, गोलकीपर. २०१९ च्या पुरात मैदानावर गुडघाभर गाळ साठला होता. सर एकटेच घमेलं घेऊन उतरले, तिसऱ्या दिवशी आम्ही चाळीस जण होतो.

तेराव्यानंतर काकूंनी मला बोलावलं आणि सरांचं पोतं हातात दिलं. साखर कारखान्याचं जुनं पोतं. आत नऊ बॉल, पंप, शिट्टी आणि यंदाची हजेरीची वही. 'तूच घे,' एवढंच म्हणाल्या. वहीत नावांपुढं सरांनी बारीक अक्षरात काहीबाही लिहिलंय. 'बूट लहान', 'उपाशी आला', 'आज हसला', असं. दोन महिने पोतं दुकानात काउंटरखाली पडून आहे.

जुन्या खेळाडूंच्या ग्रुपवर साठ-सत्तर जण आहेत. त्यांचं म्हणणं, सरांच्या नावानं मोठी स्पर्धा घ्यायची, लाखाचं बक्षीस, कोल्हापूरचे संघ, पाहुणे, फ्लेक्स. आयोजन माझ्या गळ्यात. मला पटत नाही आणि नाही म्हणवत नाही. इकडं सरांची वीस-बावीस पोरं अजून मैदानावर येतात, अर्धा तास बसतात आणि घरी जातात. त्यात माझा मुलगाही आहे, बारा वर्षांचा.

एक गोष्ट आजवर कुणाला सांगितली नाही. १९९९ ला आमची जिल्ह्याची फायनल होती. तोवरचे सगळे सामने मी खेळलो होतो. फायनलला सरांनी मला बाहेर बसवलं. कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आम्ही हरलो. दोन वर्षं मी मैदानावर पाय ठेवला नाही. पुढं वडील गेले तेव्हा सर सगळ्यात आधी दारात आले. बोलणं सुरू झालं, पण तो विषय कधीच निघाला नाही. सरांच्या जुन्या वह्या काकूंच्या माळ्यावर आहेत. ९९ ची पण असणार. काढायचा धीर होत नाही.

पोतं कुणाला देऊ? ज्यांनी आपल्याला घडवलं त्यांच्या जागी उभं राहायची आपली लायकी आहे का, हे कसं ओळखायचं? आणि मनात हा सल ठेवून उभं राहिलो तर ते खोटं नाही का?

— एक गोलकीपर, सांगली

*

प्रिय गोलकीपर,

पोतं कुणालाही देऊ नका. हे आधीच सांगून टाकते, कारण या प्रश्नाचं उत्तर काकूंनी दोन महिन्यांपूर्वीच दिलेलं आहे. तुमच्या ग्रुपवर साठ-सत्तर जण आहेत. त्यात कुणी सरांच्या गल्लीत राहणारा असेल, कुणी तुमच्यापेक्षा फार चांगला खेळाडू असेल, कुणी मोकळ्या वेळेचा असेल. तरी त्यांनी दुकानदार गोलकीपरला बोलावलं. मैदानावरून आलेल्या नवऱ्यासाठी ज्या बाईनं तीस वर्षं रोज चहा टाकला, तिनं त्या चहाबरोबर कुणाकुणाची नावं ऐकली असतील, याचा विचार करा. तुमच्याबद्दल सर घरी काय बोलायचे ते काकूंना माहीत आहे. तुमच्या कानावर ते कधी आलं नाही, एवढाच फरक.

आता वहीबद्दल. तुमच्या पत्रात तिच्यावर दोन-तीनच ओळी आहेत, पण मी तिथंच अडकून बसले.

मी चौतीस वर्षं शाळेत हजेरी घेतली. हजेरी म्हणजे हजर किंवा गैरहजर. महिनाअखेरीला आडवी-उभी बेरीज जुळली की मी ते रजिस्टर मिटून कपाटात टाकायची. तुमच्या सरांना बेरीज कुणाला दाखवायची नव्हती. आणि तरी बँकेत दिवसभर आकडे लिहून आलेला माणूस संध्याकाळी पुन्हा पेन्सिल काढून लिहितो, 'बूट लहान'. हे दोन शब्द लिहायला आधी त्या पोराच्या पायाकडं बघावं लागतं. तो पाय चोरून टाकतोय, शॉट मारताना बोटं आखडून घेतोय, हे दिसावं लागतं. पोरं स्वतःहून सांगत नाहीत, घरी नवे बूट मागायची चोरी असते. 'उपाशी आला' हे तर त्याहून अवघड. उपाशी पोरगं फार गप्प तरी होतं किंवा फार मस्ती तरी करतं, आणि दोन्ही वेळा मोठी माणसं त्याला शिस्त लावायला जातात. आणि 'आज हसला'. त्याआधी किती दिवस तो हसला नव्हता, हे सरांच्या ध्यानात असल्याशिवाय असं काही लिहावंसं वाटत नाही.

माणूस गेला की आपण त्याची वाक्यं गोळा करतो. तुमच्या ग्रुपवरही सरांची वाक्यं फिरत असतील, त्यांच्या फोटोखाली लिहिलेली. चांगलीच असतील. पण मेहनत करा, खिलाडूवृत्ती ठेवा, हार-जीत सारखी माना, हे प्रत्येक शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं असतं आणि त्याखालून रोज हजार पोरं न वाचता जातात. तुम्ही वाक्यांनी घडला नाहीत. रोज संध्याकाळी एक माणूस तुमच्याकडं नीट बघत होता, त्यानं घडलात. तुमच्या बुटांकडं, तुमच्या पोटाकडं, तुमच्या चेहऱ्याकडं. सरांच्या जागी उभं राहायचं म्हणजे काय, तर त्या वहीत पुढच्या पानावर पहिली नोंद करायची.

फुटबॉलमधलंच एक उदाहरण देते. सय्यद अब्दुल रहीम, ज्यांना सगळे रहीमसाहेब म्हणत, ते हैदराबादचे शाळामास्तर. १९५० पासून १९६३ मध्ये जाईपर्यंत भारताचा संघ त्यांच्या हाताखाली होता. १९५१ ला दिल्लीच्या आशियाई खेळांत सुवर्ण, १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा नंबर, आणि १९६२ ला जकार्तात पुन्हा सुवर्ण. त्या जकार्ताच्या स्पर्धेत पहिलाच सामना आपण दक्षिण कोरियाकडून २-० हरलो होतो. पुढच्या सामन्यात जर्नेल सिंग या आपल्या भक्कम बचावपटूचं डोकं फुटलं, टाके पडले. दुसऱ्या कुणी त्याला घरी पाठवलं असतं. रहीमसाहेबांनी उपांत्य सामन्यात त्याला बचावातून काढून थेट पुढं, सेंटर फॉरवर्डला उभं केलं. त्यानं त्या सामन्यात गोल केला आणि फायनलमध्येही केला. एक लाखाच्या आसपास प्रेक्षक, त्यातले बहुतेक आपल्याविरुद्ध ओरडणारे, समोर तोच कोरिया, आणि आपण २-१ जिंकलो. तेव्हा रहीमसाहेबांना स्वतःला फुप्फुसाचा कर्करोग होता. पुढच्या वर्षी जूनमध्ये ते गेले.

लोक यातून डावपेच काढतात. मला त्यात तुमच्या सरांच्या वहीतलंच डोकं दिसतं. या पोराचं काय दुखतंय, आणि ते दुखत असताना त्याच्यात अजून काय शिल्लक आहे? दोन्ही एकाच नजरेत बघणारे मास्तर होते ते.

त्या फायनलमधला पहिला गोल पी. के. बॅनर्जींचा. पुढं तेही प्रशिक्षक झाले, आणि १९७० ला बँकॉकच्या आशियाई खेळांत भारतानं कांस्य मिळवलं तेव्हा संघ घडवणाऱ्यांत ते होते. पण पी. के. दुसरे रहीमसाहेब झाले नाहीत, ते पी. के. झाले. सामन्याआधी बोलून बोलून खेळाडूंना ते असं पेटवायचे की कोलकात्यात त्याला 'व्होकल टॉनिक' असं नावच पडलं. म्हणून तुमचा लायकीचा प्रश्न मी जरा बाजूला सारते. सरांची जागा भरायची नाहीये. त्या जागेच्या शेजारी तुमच्या आकाराची एक जागा करायची आहे. आणि ती लवकर करायला हवी. जकार्तानंतर आशियाई खेळांत फुटबॉलचं सुवर्ण आपल्याला आजवर मिळालेलं नाही. त्याची कारणं पुष्कळ आहेत, ती इथं काढत बसत नाही, पण पेटलेली चूल राखेखाली फार दिवस धग धरत नाही. तुमची वीस-बावीस पोरं आज अर्धा तास बसून जातात. जूनपर्यंत ती यायची थांबतील, आणि मग कुणी बोलावलं तरी येणार नाहीत.

तुम्ही गोलकीपर होता हे मला फार चांगलं वाटतं. गोलकीपर सगळ्यांच्या मागं उभा असतो, सगळं मैदान त्याच्यासमोर पसरलेलं असतं. कोण थकलाय, कुणी आपला माणूस मोकळा सोडलाय, हे त्याला आधी दिसतं. बघायची सवय तुमच्या अंगात आहेच, फक्त आता चेंडू कमी आणि पोरं जास्त बघायची.

एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी साडेपाचचा हट्ट धरू नका. सांगलीचं ऊन पोरांना सोसणार नाही. सकाळी सहाला सुरू करा, साडेसातला घरी सोडा. नदीकाठची काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी होते, तेव्हा पावसाळा येईपर्यंत कुणालाही डाइव्ह मारायला लावू नका. उत्साहात तुम्ही नेमकं तेच शिकवायला जाल! पोत्यातल्या बॉलांवरचे नंबर बघा. बारा वर्षांपर्यंतच्या पोरांना ४ नंबरचा बॉल द्यायचा, मोठ्यांना ५ नंबरचा. सगळेच ५ चे निघाले तर आधी चार-पाच लहान बॉल आणा. एकच मोठा सामना लावू नका, त्यात चार दांडगी पोरं खेळतात आणि बाकीची धावल्यासारखं करतात. चौघाचौघांचे संघ पाडा, चपलांचे गोल करा, दहा-दहा मिनिटं खेळवा. प्रत्येकाच्या पायाला चेंडू लागला पाहिजे. रहीमसाहेब अधूनमधून अशा स्पर्धा घ्यायचे की ज्यात फक्त दुबळ्या पायानंच खेळायचं. तो खेळ तुमच्या मैदानावर आठवड्यातून एकदा लावा. सगळ्यात भारी पोरगा अडखळतो आणि कोपऱ्यात उभं राहणारं एखादं पोरगं अचानक राजा होतं. त्या दिवशी वहीत लिहायला भरपूर सापडेल.

मैदानावर तुमच्याशिवाय आणखी एक मोठं माणूस हवंच, रोज. पालकांचे फोन नंबर वहीच्या मागच्या पानावर. प्रथमोपचाराची पेटी आणि पाण्याचा जार. वर्षभरात स्वतः 'डी' लायसन्सचा वर्ग करून घ्या. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा तो परवाना आहे, आणि महाराष्ट्रातलं फुटबॉल बघणारी वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे विफा, तिच्याकडं चौकशी केली की कळेल. सरांकडं कागद नव्हता म्हणून तुम्हालाही नको, असं समजू नका. तो काळ वेगळा होता, आज आईवडील विचारतात आणि त्यांनी विचारायलाच हवं.

आता १९९९.

यावर लिहिण्याआधी माझं एक सांगते. मी मूळची साताऱ्याची. शाळेत मी आठशे मीटर धावायची. आमच्या खेळाच्या बाई उजाडायच्या आत आम्हा आठ मुलींना अजिंक्यताऱ्याच्या चढावर पळवायच्या. वर पोचलं की पदराच्या गाठीतून शेंगदाणे आणि गूळ काढून हातावर ठेवायच्या. त्या काळात मुलींना घराबाहेर काढून पळवणं सोपं नव्हतं, त्यासाठी त्या एकेकीच्या घरी जाऊन वडिलांशी बोलल्या होत्या. माझ्या वडिलांनी दोनदा नाही म्हटलं, त्या तिसऱ्यांदा आल्या. मी आज जी काही आहे त्यात त्या बाईंचा फार मोठा वाटा आहे. त्याच बाई एका सकाळी सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, 'तुझ्यात दम नाही, तू आपली सोबतीला येत जा.' मी घरी येऊन रडले आणि कुणाला काही बोलले नाही.

बावीस वर्षांनी मी शिक्षिका होते. स्नेहसंमेलनाच्या नाटकाची तालीम चालू होती. एक मुलगी पुन्हा पुन्हा वाक्य विसरत होती. मी वैतागले आणि माझ्या तोंडून जे निघालं ते शब्दाला शब्द तेच होतं. 'तुझ्यात दम नाही, तू आपली सोबतीला येत जा.' बाईंचा सूरसुद्धा तोच. त्या मुलीचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेले, तिच्या आईसमोर तिची माफी मागितली. परत येताना वाटेत मला कळलं की बाईंकडून शेंगदाणे-गूळ मी घेतलाच होता, पण ते वाक्यही घेतलं होतं, आणि घेतलंय हे मला माहीतच नव्हतं.

म्हणून तुमचा सल खोटा नाही, आणि तो घेऊन मैदानावर उभं राहणंही खोटं नाही. उलट तो सोबत असू द्या. पंधरा वर्षांच्या मुलाला कारण न सांगता फायनलला बाहेर बसवणं ही चूक होती. कारण कितीही चांगलं असलं तरी न सांगणं ही चूक होती, आणि हे मी तुमच्या सरांबद्दल पुरता आदर ठेवून म्हणते. माणूस गेला की आपण त्याला देव्हाऱ्यात बसवतो. मग त्याच्याशी भांडता येत नाही, आणि ज्याच्याशी भांडता येत नाही त्याच्यावर मोकळं प्रेमही करता येत नाही. सरांना माणूसच राहू द्या. वडिलांच्या वेळी ते सगळ्यात आधी दारात आले, तीच त्यांची माफी समजा, असं कुणी तुम्हाला सांगेल. मी सांगणार नाही. दारात येणं ते दारात येणं. न सांगणं ते न सांगणं. तुम्ही दुकानदार आहात. एका खात्यातली रक्कम दुसऱ्या खात्यात ओढून हिशेब मिटवायचा नसतो, हे तुम्हाला मी काय सांगायचं. दोन्ही खाती उघडी ठेवा. दोन्ही खरी आहेत.

एक दिवस तुम्हालाही कुणाला तरी बाहेर बसवावं लागेल. कदाचित याच वर्षी. शाळांच्या स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात आणि अकराच जागा असतात. त्या पोराला आदल्या दिवशी बाजूला घ्या, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला खाली बसा आणि कारण सांगा. कारण नीट मांडता आलं नाही तरी चालेल. ते चिडेल, रडेल, दोन दिवस येणार नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी जा. हे करताना १९९९ मधला तो पंधरा वर्षांचा गोलकीपर तुमच्या शेजारी बसलेला असेल, आणि काय बोलायचं ते त्याला बरोबर ठाऊक असेल.

आणि माळ्यावरची वही? काढा, पण आत्ता नको. आत्ता काढलीत तर तुम्ही ती चोर शोधायला निघाल्यासारखी वाचाल. तुमच्या नावापुढं काही नसेल तर त्यानं दुखावाल, आणि दोन शब्द असतील तर त्या दोन शब्दांवर पंचवीस वर्षांचं ओझं टाकाल. आधी तीन महिने स्वतः वही लिहा. खेळ संपत असताना, एक पोरगं शर्ट ओढतंय, दुसऱ्याचा गुडघा फुटलाय, अशात पेन्सिलीनं घाईत दोन शब्द लिहून बघा. त्यात किती मावतं आणि किती मावत नाही, हे हाताला कळू द्या. गणपतीच्या सुमारास काकूंकडं जा. त्यांना बरोबर घेऊनच माळ्यावरचं काढा आणि त्यांच्या शेजारी बसून वाचा. तोवर तुम्हाला सरांचं अक्षर वाचता यायला लागलेलं असेल.

राहिली स्पर्धा. तुमच्या मित्रांवर रागावू नका. दुःखाला आवाज हवा असतो, आणि कोल्हापूर शेजारी असल्यावर फुटबॉलचा आवाज कसा असतो हे त्यांनी ऐकलेलं आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे तिथल्या तालमींचे संघ समोरासमोर आले की काय होतं, ते तुम्हीही सरांबरोबर जाऊन बघितलं असेल. सरांसाठी एकदा तसं व्हावं, असं त्यांना वाटलं तर त्यात वाईट काही नाही. पण लाखाचं बक्षीस बाहेरच्या संघाच्या हातात जाणार, फ्लेक्स चार दिवसांत फाटणार, आणि पाचव्या दिवशी तुमची बावीस पोरं तिथंच बसलेली असणार. म्हणून नुसतं 'नको' म्हणू नका, दुसरं काहीतरी मागा. २०१९ ला हेच लोक घमेली घेऊन आले होते ना? कृष्णेचं पाणी तेव्हा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ ची असताना. कित्येकांच्या स्वतःच्या घरात चिखल असेल, तरी ते मैदानावर आले. त्यांना भाषणं करून पटवावं लागलं नव्हतं, सर आधी उतरले होते.

या वेळी तुम्ही आधी उतरा. आठवडाभर पोरं घ्या, आणि मग ग्रुपवर लिहा की मी रोज सकाळी सहाला मैदानावर आहे, मला आठवड्यातून एक दिवस देणारे सहा जण हवेत. सत्तरातून सहा निघतील. कुणी डॉक्टर झाला असेल तर त्यानं महिन्यातून एकदा पोरांना तपासावं. कुणाचा टेम्पो असेल तर त्यानं सामन्याला न्यावं-आणावं. पैसे देणाऱ्यांनी बूट द्यावेत, यंदाच्या वहीत 'बूट लहान' लिहिलेल्या पोरापासून सुरुवात करून. आपल्या भागात ही रीत आहे. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला पैसे कमी पडत होते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले होते. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. घर गहाण टाकणाऱ्याला तेव्हा पदकाची खात्री नव्हती.

आणि सरांच्या नावानं काही करायचंच असेल तर सरांच्या वाढदिवसाला एक दिवस ठेवा. जुने-नवे सगळे मिसळून संघ पाडा, पन्नाशीचा पोट सुटलेला फॉरवर्ड आणि दहा वर्षांचं पोरगं एका संघात. बक्षीस नाही. काकूंना बोलवा, पण स्टेजवर बसवू नका. मैदानाच्या कडेला खुर्ची टाका, जिथून त्यांना पोरांचे चेहरे दिसतील. इतकी वर्षं त्यांनी नुसती नावंच ऐकली आहेत.

तुमच्या मुलाबद्दल थोडंसं. मैदानावर त्याला इतर पोरांसारखीच तुम्हाला 'सर' म्हणायची सक्ती करू नका, आणि तो बाबा म्हणाला म्हणून जास्त कडकही होऊ नका. स्वतःच्या पोरावर दुप्पट ओरडून आपण निःपक्षपाती आहोत हे दाखवणारे बाप मी शाळेत पुष्कळ पाहिलेत. त्याची नोंद वहीत इतरांसारखीच करा. त्याच्याही पायाकडं बघा.

उद्या सकाळी दुकान उघडायच्या आधी पोतं बाहेर काढा. दोन महिन्यांत सगळे बॉल मऊ पडले असतील. हवा भरताना पंपाची सुई आधी थुंकी किंवा तेल लावून ओली करून घ्या आणि सरळ घाला. कोरडी सुई जोरात घुसवली की आतला रबर फाटतो आणि बॉल कायमचा जातो. सर ती बहुतेक जिभेला लावत असतील. तुम्ही लहानपणी ते शेकडो वेळा पाहिलेलं असणार, हात आपोआप तसाच जाईल. पहिल्या दिवशी किती आले, ते मला कळवा.

— तुमची ताई